साच्यातल्या अकरा ओळी

"ताई, हे काढ," केतकी दारातच म्हणाली.

चपला पायात तशाच होत्या. हातातला फोन तिनं माझ्या तोंडासमोर धरला होता, इतका जवळ की मला काही वाचता येईना.

"आत तर ये आधी."

"येते. आधी काढ."

रविवार होता, दुपारचे तीन. मिरजेच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता आणि शेजारच्या खुर्चीत विनूआजोबा बसले होते. माझ्या आजोबांचे ते सर्वांत धाकटे भाऊ. वय एक्क्याऐंशी, भूमिअभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहायचे. दर रविवारी तीन वाजता ते वर येत आणि आम्ही दोघं कुलवृत्तांताची पानं दुरुस्त करत बसायचो. माझी मुलगी ऋजुता त्या वेळी चित्रकलेच्या वर्गाला गेलेली असे. ती नऊ वर्षांची होती. ही गोष्ट २०११ सालची.

निवेंडकरांचा छापील कुलवृत्तांत १९६२ सालचा. त्यात मुलग्यांची नावं ठळक, मुलींची बारीक, आणि मुलींच्या मुलांची नाहीतच. तो मी विकीवर आणला. प्रत्येक माणसाला एक पान, घराण्यातल्या कुणालाही कुठलंही पान दुरुस्त करायची मुभा, आणि वाचायला सगळ्या जगाला मोकळं. मुलींची मुलंही घालायची, हा माझा आग्रह होता. अकराशे चाळीस पानं झाली.

विकीच्या पानात नुसता मजकूरच ठेवता येतो असं नाही. छोटा प्रोग्रामही बसवता येतो, आणि तो वाचणाऱ्याच्या समोर त्याच पानात चालतो. पहिला मी केला तो सुतकाचा. दोन नावं टाकली की तो वंशावळ चढत-उतरत जाई आणि सांगे: हे तुमचे अमुक लागतात, सुतक इतके दिवस. लोकांना तो फारच आवडला. पुण्याच्या एका काकूंनी लिहिलं होतं, "भटजींचा फोन लागत नाही, तुझं पान लागतं." मग प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात जी माहितीची चौकट येते, तिच्यात मी रक्तगट घातला. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. चौकटीचा साचा एकच असतो. तिथं एकदा बदल केला की तो अकराशे चाळीस पानांवर दिसतो.

त्या आठवड्यात बुधवारी मी साच्यात आणखी अकरा ओळी घातल्या होत्या.

केतकीनं अखेर फोन टेबलावर ठेवला. मी वाचलं, जरी मला ते पाठ होतं. केतकी सदाशिव निवेंडकर. जन्म १९८४, कोल्हापूर. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. हंटिंग्टन : १/४.

"हे मला कुणी सांगितलं, माहितीये?" ती म्हणाली. "निरंजनच्या आईनं. फोनवर. सकाळी नऊ वाजता."

निरंजनशी तिचं लग्न ठरलं होतं. अकरा दिवस राहिले होते.

"त्यांना कसं कळलं?"

"इंदूरचे शरदकाका काल गेले ना. त्या सुतक बघायला गेल्या. तुझंच ते, नावं टाकायचं. मला म्हणाल्या, सुतक पुढच्या सोमवारी फिटतंय गं, लग्नाला अडचण नाही, पण तुझ्या नावाखाली हे एक चतुर्थांश काय आहे?" केतकी थांबली. "मी काय म्हटलं असेन?"

मी फोन तिच्याकडे सरकवला.

"मी म्हटलं, वाटा असेल काकू. निवेंडीच्या जमिनीतला."

विनूआजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग एसटीत बसून शोधलं, हंटिंग्टन म्हणजे काय ते. व्हिडिओ आहेत त्याचे, ताई. माणसं दिसतात त्यांत. एक बाई आहे, कपातला चहा तोंडापर्यंत नेते आणि..." तिनं वाक्य सोडून दिलं. "शेजारी बसलेल्या आजी विचारत होत्या, कुठला पिक्चर गं बाळ?"

मी तिला पाणी दिलं. ती बसली. चपला अजून पायातच होत्या.

मी मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत आनुवंशिक तपासण्यांचं काम करत होते. समजावून सांगायची मला सवय होती. मी तिला सगळं सांगितलं: हा आजार साधारण चाळिशीच्या पुढे सुरू होतो, हातपाय आपोआप हलू लागतात, हळूहळू डोकं काम करेनासं होतं, आणि त्याला औषध नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तिचे आजोबा गोपाळराव, म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ, बावन्नाव्या वर्षी गेले. छापील कुलवृत्तांतात त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, "अखेरच्या वर्षांत अंग स्थिर राहत नसे." कुणी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. पण दोन आठवड्यांपूर्वी तिच्या कमलआत्याच्या रक्ताचा अहवाल आला आणि नाव कळलं. म्हणजे गोपाळरावांना होता. म्हणजे तिच्या वडिलांना, सदाशिवकाकांना, १/२. म्हणजे तिला १/४.

मला आजही ते शब्द आठवतात, कारण ते सगळे बरोबर होते.

एकच बरोबर नव्हतं. सदाशिवकाका सत्तावन्न वर्षांचे होते आणि ठणठणीत होते, म्हणजे त्यांचा खरा आकडा निम्म्याहून बराच कमी होता आणि तिचाही. माझा प्रोग्राम तेवढा बारकावा पाहत नव्हता. माणूस सत्तरी निरोगी ओलांडून गेला तर त्याच्याखालच्या सगळ्यांना शून्य धरायचं, इतकाच एक नियम मी घातला होता. हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. प्रोग्राममध्ये उणीव आहे असं त्या क्षणी म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"ते साताऱ्याला गेलेत, पत्रिका वाटायला. सांगू? की पत्रिका वाटून होऊ देत?"

"केतकी, रक्त देऊन तपासता येतं. एका चाचणीत कळेल. नसेलच कदाचित."

"मला तपासायचं नाहीये."

"का?"

"का म्हणजे? मला अकरा दिवसांनी लग्न करायचंय. मला हॉलवाल्याशी भांडायचंय, मला साडीचा फॉल लावायचाय. मला चाळीस वर्षांची झाल्यावर काय होईल ते आज नकोय. उद्या हवं झालं तर मी विचारीन. तुलाच विचारीन. पण मी विचारलं नव्हतं ना, ताई?"

"हे निरंजनलाही माहीत असायला हवं. मुलांचा प्रश्न येतो."

"तेही मीच सांगितलं असतं ना! माहीत असणं वेगळं आणि दारावर पाटी लावणं वेगळं."

"पाटी नाही ती. रक्तगटही आहेच की तिथं."

केतकी आजोबांकडे वळली. "आजोबा, तुम्ही तरी सांगा हिला."

आजोबा टेबलावरच्या चष्म्याकडे पाहत राहिले. बुधवारपासून ते गप्पच होते; मला वाटलं होतं, शरदकाकांच्या आजारपणामुळे असेल.

"फक्त माझ्या पानावरून काढ," केतकी म्हणाली. "एवढं तर होईल? बाकी कुणाचं काय ठेवायचं ते ठेव."

"साचा एकच असतो. एका पानासाठी वेगळं करता येत नाही."

करता आलं असतं. आणखी एक ओळ लागली असती.

"आणि काढलं," मी पुढे म्हणाले, "तर आपण माहीत असलेलं लपवल्यासारखं होईल. छापील पुस्तकात तेच तर झालंय. अंग स्थिर राहत नसे, एवढं लिहून सोडून दिलं. तेव्हाच कुणी नीट लिहिलं असतं तर..."

"तर काय? बाबांनी लग्न केलं नसतं? मी झाले नसते?"

हे मला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मी तसं म्हणाले नाही."

"निरंजनची आई म्हणाली, पान तसंच राहिलं तर आमच्याकडचे सगळे वाचणार. निदान ते पान तरी काढायला सांग, मग बघू पुढे. 'मग बघू' म्हणाली, ताई. म्हणजे अजून दार बंद केलेलं नाही तिनं. मी तुझ्या पाया पडते."

ती खरंच खुर्चीतून उठली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि तिला खाली बसवलं.

"तू चर्चापानावर लिही," मी म्हणाले. "सगळ्यांची मतं येऊ देत. एकट्यानं असं काही काढायचं नाही, हा आपला नियम आहे."

"घालताना विचारलं होतंस सगळ्यांना?"

मी विचारलं नव्हतं. दोन दिवस मी विचार केला होता, पण तो गणिताचा.

केतकीनं तोंडावरून हात फिरवला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुझ्या पानावर काय येतं?"

"काही नाही. शून्य असेल तर ओळच दिसत नाही. माझे आजोबा, दत्तूआजोबा, अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचे. त्यांना नव्हताच, तर बाबांना कुठून येणार आणि मला कुठून."

"आणि ऋजुताच्या?"

"नाही."

"मग बरं आहे तुझं."

"त्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले. मला राग आला होता, आणि माझा राग आवाजात कधी येत नाही. "माझ्या पानावर असतं तरी मी ते ठेवलं असतं. नोंद खरी असेल तर ती राहिलीच पाहिजे."

"नक्की?" विनूआजोबांनी विचारलं.

आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहू लागलो. तासाभरात ते पहिल्यांदा बोलत होते.

"काय नक्की, आजोबा?"

"ठेवलं असतंस, म्हणालीस."

"हो."

"बरं." त्यांनी चष्मा घातला. "एक सांग. एखादी नोंद दुरुस्त केली की हा आकडा आपोआप बदलतो का गं? की तुला परत काही करावं लागतं?"

"आपोआप. जतन केलं की लगेच. सगळ्या पानांवर."

"मग मला जरा जागा दे."

मी खुर्ची सरकवली. केतकी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला काय वाटलं ते मला कळलं, कारण मलाही तेच वाटलं होतं. आजोबांना तिच्या शाखेत चूक सापडली होती. सदाशिवकाकांच्या जन्माची, किंवा कमलआत्याच्या. तिचा आकडा जाणार होता. मला बरं वाटलं. मी हरले नसते आणि ती सुटली असती.

आजोबांनी शोधाच्या जागी एका बोटानं नाव टंकलं. मोजणी खात्यातला माणूस. सावकाश टंकत, पण त्यांची चूक कधी होत नसे. पान उघडलं. रमाकांत दत्तात्रेय निवेंडकर. जन्म १९४९, खांडवा. मृत्यू १९८५, मिरज, स्कूटर अपघात.

ते माझ्या वडिलांचं पान होतं.

"आजोबा, हे नाही. सदाशिवकाकांचं पान..."

त्यांनी 'संपादन' दाबलं. साच्यात मी 'वडील' या रकान्याखाली 'जनक वडील' असा आणखी एक रकाना ठेवला होता. दत्तक गेलेल्यांसाठी, त्यांच्या सुतकाचे नियम वेगळे असतात म्हणून. घराण्यात चौदाजण दत्तक गेले होते, चौदा पानांवर तो भरलेला होता. बाकी सगळीकडे रिकामा. माझ्या अकरा ओळी आधी तो रकाना पाहत आणि तो रिकामा असला तरच 'वडील' पाहत. रक्ताचा हिशेब असाच करायला हवा.

आजोबांनी त्या रिकाम्या रकान्यात टंकलं: गोपाळ वासुदेव निवेंडकर.

आणि जतन केलं.

मी म्हटलं, "हे काय?"

"दत्तूला मूल नव्हतं," ते म्हणाले. ते पडद्याकडेच पाहत होते. "एकोणपन्नास साली गोपाळदादाला दुसरं मूल होणार होतं. दत्तूची बायको खांडव्याहून निवेंडीला येऊन पाच महिने राहिली. परत गेली ती मूल घेऊन. पोचवायला मी गेलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो. कल्याणला गाडी बदलताना मूल माझ्याच हातात होतं."

"दत्तकाचा विधी..."

"विधी नाही, कागद नाही, काही नाही. दत्तूला ते नको होतं. मुलाला कधी कळता कामा नये, म्हणाला. कुलवृत्तांत छापायला निघाला तेव्हा नोंदी मीच लिहिल्या. खांडवा मीच लिहिलं."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"आईला?"

"नाही. आम्हा पाचजणांना होतं, त्यातला मी उरलो." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कमलचा अहवाल आला त्या दिवसापासून मला झोप नाही, वृषाली. दत्तूला शब्द दिलेला. बुधवारी तू हे घातलंस आणि मला म्हणालीस, आजोबा, आता सगळ्यांना स्पष्ट कळेल. मी रोज वर यायचो सांगायला आणि जिन्यातून परत जायचो. आता तूच म्हणालीस, राहिलं पाहिजे. मग असलेलं ठेवायचं तर राहून गेलेलंही घालायला नको का?"

पडद्यावर बाबांच्या चौकटीत, रक्तगटाच्या खाली, एक नवी ओळ आली होती. हंटिंग्टन : १/२.

मी ती वाचली. बाबा छत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यात काही दिसायला वेळच मिळाला नव्हता. म्हणजे त्यांचा आकडा कमी करता येणार नव्हता, तो पुरता निम्मा. माझा त्याच्या निम्मा, १/४. केतकी माझी लांबची बहीण नव्हती, सख्खी चुलत बहीण होती. मी सदतीस वर्षांची होते. हे सगळं मी अगदी शांतपणे केलं, परीक्षेत उदाहरण सोडवावं तसं. मला वाटतं, त्या वेळी मला धक्का बसला आहे हेच मला कळलं नव्हतं.

मग मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि ऋजुताचं पान उघडलं.

त्या पानावर तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता. पुढचा एक दात पडलेला. जन्म २००२, मिरज. रक्तगट बी पॉझिटिव्ह. हंटिंग्टन : १/८.

पुढचं मला नीट आठवत नाही. जे आठवतं ते विकीनंच ठेवलं आहे, कारण विकी प्रत्येक बदलाची वेळ लिहून ठेवतो. आजोबांनी बाबांच्या पानावर नोंद जतन केली ती चार वाजून सतरा मिनिटांनी. मी साचा उघडून अकराच्या अकरा ओळी निवडल्या, पुसल्या आणि जतन केलं, ते चार वाजून एकवीस मिनिटांनी. त्या चार मिनिटांतली तीन आजोबा बोलत होते.

मी पान पुन्हा उघडलं. फोटो होता, रक्तगट होता, खाली काही नव्हतं. मी आणखी एकदा उघडलं.

निरंजनच्या घरच्यांनी केतकीच्या पानाचा फोटो सकाळीच काढून ठेवला होता आणि तो बऱ्याच जणांना पाठवला होता, हे आम्हाला बुधवारी कळलं. लग्न झालं नाही. तीन वर्षांनी तिनं स्वतःहून तपासणी करून घेतली. निकाल काय आला ते ती मला बोलली नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या तपासणीचं काय झालं आणि ऋजुताला मी कधी, काय सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही. त्यातलं निम्मं माझं नाही.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच व्हायचं होतं. आजोबा हात मांडीवर ठेवून बसले होते. माझं बोट अजून कळफलकावर होतं. केतकीनं आपला फोन उचलला, स्वतःचं पान उघडलं आणि बराच वेळ पाहिलं. तिच्याही चौकटीत रक्तगटाच्या खाली आता काही नव्हतं.

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. मग ती माझ्याकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "आता मी थँक्यू म्हणायचं का?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती.